मेडलचा कौल

झेंडू आणायला मलाच पिटाळलं, कारण कॉलेज सोडल्यापासून घरात रिकामा मीच. संध्याकाळी अपेक्षासाठी, माझ्या बहिणीसाठी, कौल लावायचा होता. तिला इंद्रजीत पसंत. आजोबांना, म्हणजे आबांना, नापसंत. पण आमचे आबा स्वतः कधी नाही म्हणत नाहीत, मेडलकडून म्हणवून घेतात.

मेडल आबांच्या आजाचं, भीमाचं. परमुलखात किल्ल्याला वेढा पडला, साहेबानं किल्ला लढवला, म्हणून त्याच्या नावानं शिपायांना वाटलेलं. एका बाजूला साहेबाचं मिशाळ तोंड. दुसऱ्या बाजूला किल्ल्याचं बंद दार, पुढं शिपायांची रांग. देवाला लावतात तशी आबा साहेबाच्या कपाळाला ओली पाकळी लावतात. उजवीकडं पडली तर होकार. माझ्या देखत ती कायम डावीकडं पडली. केराआत्या तेवढ्यापायी बिनलग्नाची राहिली. मेडल ठेवतात तो चौरंगच डावीकडं कललाय म्हटलं, तर शिव्या मला.

दिवेलागणीला आमच्या फ्लॅटची लाइट गेली. समई तेवढी. अपेक्षा कडक भाकरीच्या टोपल्याशेजारी, तोंड पाडून.

"साहेबानं किल्ला राखला," आबा पुटपुटले. "त्येचा शब्द म्हंजे शब्द."

"राखला शिपायांनी," मी म्हणालो. "तुमचा आजा तितं खात काय हुता, सांगा की."

आबा खाली बघत म्हणाले, "घोडी... मारून."

"मग जो उपाशी ऱ्हायला त्येलाच इचारू."

मी मेडल उलटं केलं, पाकळी किल्ल्याच्या दारावर चिकटवली. आबांचा हात माझ्यावर उठला आणि तसाच राहिला.

खोलीत ओल्या घोड्याचा वास आला. मग जळक्या दारूगोळ्याचा. समई बारीक झाली. आणि कोपऱ्यात कडक भाकरी मोडल्याचा आवाज. कट्... कट्... एक तोंड नव्हे, पंगत होती.

"अपेक्षा... तू खातीयास?"

"न्हाय रं..." तिनं टोपलं पुढं सरकवलं. "शेंगाची चटणी बी हाय... घ्या की."

अंधारात कुणीतरी हसलं. मग सगळेच, जत्रेत हसतात तसं पोटभर. मलाही आवरेना. जन्मात न हसलेले आबा डोळे पुसत हसत होते. पाकळी हलली, चौरंगाच्या चढाकडं सरकली आणि उजवीकडं पडली.

"व्हय म्हनत्यात," आबा म्हणाले. "माझं काय चालतंय आता."

लग्न दणक्यात झालं. हलगीवर केराआत्या सगळ्यांत जास्त नाचली. पन्नाशीत स्थळं बघतीये आता, आबांना न विचारता.

मेडलवरचं दार मात्र त्या दिवसापासून सताड उघडं आहे. रांगेत कुणी नाही. आम्ही कडी लावून झोपतो, सकाळी फ्लॅटचं दार उघडं, टोपलं रिकामं. आई हसत चार भाकरी जास्त थापते. लेकरं जेवत्यात, म्हणते.

काल पहिल्यांदा भाकरी कमी पडली असावी. चटणीचं ताट भिंतीवर फेकलेलं होतं. मी मेडल सुलटं करून बघितलं. साहेबाच्या जागी नुसती गुळगुळीत चांदी.