नाल्यापलीकडची काळी पट्टी

लोखंडी सब्बल पहिल्याच घावात हातभर आत गेली. लखनचा तोल गेला, आणि तो सब्बलीवर पालथा पडता पडता राहिला.

“हा रोड हाये का पुरणपोयी बे?” तो म्हणाला.

गोपाल हसला. रक्षाला मात्र हसू आलं नाही. तिने खाली बसून भोकात हात घातला आणि मूठभर माती बाहेर काढली. वर गिट्टी-डांबराचा बोटभर जाड पापुद्रा, आणि खाली नुसती काळी माती. कापसाच्या वावरात असते तीच. पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळून खचणारी.

इथेच, याच जागेवर सोनम पडली होती.

पावसाळ्याच्या तोंडी बोर धरणाकडून पाण्याची पाइपलाइन आली. हिंगणीपासून रक्षाच्या टोल्यापर्यंत, म्हणजे छोट्या वस्तीपर्यंत, रस्त्याची एक कड खोदून पाइप पुरले, नाली बुजवली आणि वरून पातळ डांबर ओतून माणसं निघून गेली. रस्ता एका गाडीपुरताच. समोरून ट्रॅक्टर किंवा जंगल पाहायला निघालेल्यांची जिप्सी आली, की सायकलवाल्याने कडेला उतरायचं, आणि कड म्हणजे हीच बुजवलेली पट्टी. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी रक्षाची मोठी बहीण सोनम अशीच उतरली. पुढचं चाक पट्टीत रुतलं, सायकल उलटली, आणि सोनमचा उजवा हात मोडला. तिची यंदा दहावी होती.

 दुसऱ्या सकाळी बाबांनी, म्हणजे पुनाजींनी, सायकलचं वाकलेलं चाक सरळ करून आणलं, आणि मग सायकल गुरांच्या कोठ्यात आढ्याला टांगून ठेवली. दोघी बहिणींत ती एकच सायकल होती. टोल्यावर एसटी येत नाही.

“भाऊबीजेले कांता आत्या येते,” ते रक्षाला म्हणाले होते. “तिच्यासंग अल्लीपूरले जाजो. तिचं लेकरू सांभाळजो.”

“अन् माही शाळा?”

“पाहू मंग.”

बाबांचं ‘पाहू मंग’ म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई, धुरपता, चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. एकीचा हात मोडला, दुसरीचं काही होऊ नये, एवढंच तिला दिसत होतं. आई-बाप घाबरले की लेकरांना घरात घेऊन दार लावतात. त्या दारामागे लेकराचं काय काय राहून गेलं, ते त्यांना दिसत नाही.

आज लक्ष्मीपूजन होतं. परवा भाऊबीज.

“मले एक समजत नाई,” गोपाल म्हणाला. “नाल्याच्या तिकडून हिंगणीपर्यंत पट्टी कुठीच खचली नाई. ठेकेदार तोच, पाइप तोच. मंग आपल्याचकडं काऊन?”

तिघे सब्बल घेऊन नाल्यापलीकडे गेले. तिथे लखनने सगळा जोर लावून घाव घातला. सब्बल टणकन उडाली आणि त्याच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. खुरप्याने कड खरवडली, तर आत लालसर, दाबून बसवलेला मुरूम.

नाल्याच्या अलीकडे काळी माती, पलीकडे मुरूम. रक्षाला आठवलं, नाली खोदली होती तेव्हा मुरमाचे ढीग टोल्यापर्यंत टाकलेले होते. त्या ढिगांवरून उड्या मारत तर ते शाळेत गेले होते.

“मुरूम चोरला कोनं तरी,” लखन म्हणाला.

ठेकेदाराचे सुपरवायझर प्रभाकरराव हिंगणीच्या चहाच्या टपरीवर सापडले. रक्षाने धीर करून सगळं सांगितलं. सोनमच्या हाताचंही सांगितलं. प्रभाकररावांनी बशीतला चहा संपवला आणि बोट टोल्याच्या दिशेने केलं. तिकडचा मुरूम काही त्यांनी खाल्लेला नव्हता. तो कुठे गेला ते गावालाच विचारा, आणि मुरूम नसेल तर रोलर तरी कशावर फिरवायचा, असं म्हणून ते मोटारसायकलला किक मारून निघून गेले.

तिघे परत आले. टोल्याच्या तोंडाशी आखर आहे. गावची गुरं रानात जाण्याआधी उभी राहतात ते मोकळं मैदान. पोळ्याला बैल तिथेच उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला गावातली पोरं आपापले लाकडी बैल सजवून तिथेच ओळीने मांडतात. रक्षा आखराच्या कडेला मटकन बसली. उद्या गाईंच्या पूजेचं गायगोधन, परवा आत्या. मग अल्लीपूर. ती बोटाने जमीन उकरत राहिली.

उकरता उकरता बोटाला काहीतरी गुंडाळलेलं लागलं. तिने ओढून काढलं. निळं-काळं, कुरळं, पेन्सिलीच्या सालीसारखं.

“हे पाह्य,” ती हलक्या आवाजात म्हणाली.

ती साल तिघांच्याही ओळखीची होती. पाइपवाले मुरमाच्या ढिगावर बसून पाइपांची तोंडं तासायचे, तेव्हा अशा साली निघत. रक्षाने त्या वेचून आपल्या लाकडी बैलाच्या गळ्यात माळ घातली होती, आणि अण्णाजींनी त्या माळेला पहिलं बक्षीस दिलं होतं. अण्णाजी म्हणजे गोपालचे आजोबा. गावातली सगळीच पोरं त्यांना आबाजी म्हणत.

पण पाइपची साल आखरात कशी आली?

गोपालने वाकून दोन-चार ठिकाणी उकरलं. सगळीकडे लाल मुरूम, आणि मुरमात निळ्या साली. त्याच्या तोंडाचा रंगच उडाला.

आता रक्षाला सगळं आठवलं. पोळ्याच्या आधी आखरात चिखल झाला होता. बैल चिखलात उभे करायचे का, आणि लेकरांचे बैल कुठे मांडायचे, असं म्हणून अण्णाजींनी गावच्या बैलबंड्या जुंपायला लावल्या. रस्त्याकडेचा मुरूम भरभरून आखरात आणून पसरला. प्रभाकररावांनी अडवलं तर नाहीच. त्यांचं रोलरचं काम वाचलं, ते उलट हसले. आणि सगळ्यात पुढची बंडी होती पुनाजींची. बंडीतल्या मुरमावर बसून रक्षाच तर गाणं म्हणत आली होती. सणाच्या गडबडीत तो मुरूम रस्त्याचा, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

चोर सापडला होता. घरातच सापडला होता. कुणाला सांगायचं? तिला वाटलं, हे कळण्यापेक्षा न कळलेलं बरं होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

गोपाल घरी जाऊन आजोबांशी बोलून आला. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मुरूम परत न्यायचं नाव काढताच अण्णाजी कडाडले होते. आखर गावची शोभा आहे, रस्ता सरकारचा, सरकार पाहील. आणि सोनमचं काय, असं विचारलं तर म्हणाले, “पोरीनंच पाहून चालवाले पाह्यजे होतं.”

लखनने पायाने माती उडवली. मग म्हणाला, “आबाजीही सायकलच चालवते ना?”

गायगोधनाच्या दिवशी गुरं धुऊन, रंगवून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून आखरात आणतात. सगळे जमले, की अण्णाजी आपल्या उंच काळ्या सायकलवरून पाऊलवाटेने येतात आणि पार मानाच्या जागेपर्यंत खाली उतरत नाहीत. ही त्यांची ऐट साऱ्या गावाला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी मोठी माणसं गुरं धुवायला नाल्यावर गेली, आणि तिघांनी आखरातल्या पाऊलवाटेवर आडवी नाली खोदली. रुंदीला पाइपलाइनएवढी. मुरूम बाजूला काढला, आत वावरातली काळी माती सैलसर भरली, घागरीने पाणी ओतलं, आणि वरून मुरमाचा पातळ थर भुरभुरला.

“आबाजीले लागंन का रे?” रक्षाने विचारलं.

गोपालने फावडं धुतलं. “सोनमताईले लागलंच ना,” तो म्हणाला. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी आखर भरलं. शिंगांना हिरवा-तांबडा रंग, घंट्यांचा आवाज, शेणाचा आणि झेंडूचा वास. चुकून एखादं वासरू पाऊलवाटेकडे वळलं तर हाकलायला लखन काठी घेऊन उभा होता. सोनम गळ्यात हात अडकवून आईजवळ बसली होती. बाबा गाईच्या पाठीवर हात फिरवत होते.

मग घंटी वाजली. पांढरं धोतर, पांढरी टोपी, ताठ पाठ. अण्णाजी येत होते. लोकांनी वाट दिली. रक्षाने त्यांच्या हाताकडे पाहिलं. हँडलवरची बोटं बारीक, वाळक्या काडीसारखी. याच बोटांनी त्यांनी तिच्या बैलाला कुंकू लावलं होतं.

ती धावली. नालीच्या ऐन काठाशी तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं.

“आबाजी, उतरा!”

सायकल थांबली.  एका पोरीने गायगोधनाला अण्णाजींची वाट अडवली होती. बाबा रागाने पुढे आले. अण्णाजी उतरले ते तिला रागावण्यासाठीच. पण त्यांनी तोंड उघडण्याआधी रक्षाने रिकामी सायकल जोरात पुढे ढकलून दिली.

पुढचं चाक मुरमाच्या थरावर गेलं आणि खाली गेलं. मागचं चाक हवेत उठलं. सायकल उलटी होऊन धाडकन आदळली. घंटी निखळून गाईच्या पायांत गडगडत गेली.

 गर्दीत सोनम हुंदका देऊन रडली. असा आवाज तिने आधी ऐकला होता.

“ताई अशीच पडली,” रक्षा म्हणाली.  “पाहूनच चालवत होती ते. वरून काईच दिसत नाई, आबाजी. रोडचा मुरूम इथं हाये, अन् रोडमंधी नुसती काळी माती.”

तिने मुठीतली निळी साल त्यांच्यापुढे धरली. गोपाल येऊन तिच्या बाजूला उभा राहिला. लखनही आला.

अण्णाजींनी साल हातात घेतली. मग ते वाकले आणि धोतराची पर्वा न करता नालीत हात घातला. काळ्या चिखलाने माखलेला हात त्यांनी वर काढला.

“तू मले पडू काऊन नाई देल्लं?” त्यांनी विचारलं.

 “तुमचा हात मोडला असता ना,” रक्षा म्हणाली.

अण्णाजी सोनमकडे गेले. प्लास्टरवर हात ठेवला. काळ्या बोटांचे ठसे पांढऱ्या प्लास्टरवर उमटले. “पोरी, तू पाहून नाई चालवलं असं काल मी म्हटलं, ते चुकलं माह्यं,” ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले.

तेवढ्यात मागे फावड्याचा आवाज आला. पुनाजी आखरातला मुरूम ओढत होते. त्यांचा चेहरा खाली होता.

“पह्यली बंडी मीच भरलीती,” ते कुणाकडे न पाहता म्हणाले. “पह्यली मीच परत नेतो.”

गाईंची पूजा झाल्यावर बंड्या जुंपल्या गेल्या. सुट्टीभर काळी माती निघत होती, मुरूम जात होता. अण्णाजींनी प्रभाकररावांना फोन करून एवढंच सांगितलं, की मुरूम जागेवर आला आहे, आता रोलर आणा, आणि तुमची मोटारसायकल राहू द्या, येताना सायकलीने या. रोलर आला. प्रभाकररावांनी कुरकुर केली, पण पट्टी थर देऊन, दाबून, नीट डांबर टाकून घेतल्याशिवाय अण्णाजींनी त्यांना चहासुद्धा पाजला नाही. गावापुढे त्यांनी तिन्ही पोरांच्या पाठीवर हात ठेवला. यंदाच्या तान्ह्या पोळ्याचं खरं बक्षीस आता दिलं असं समजा, असं ते म्हणाले. त्यावर बक्षिसाला पेढे लागतात, अशी लखनने आठवण करून दिली.

गायगोधनाच्या दुसऱ्याच दिवशी, भाऊबीजेला, कांता आत्या आली. ओवाळून झाल्यावर तिने विचारलं, रक्षाची पिशवी भरली का?

“पाहू मंग,” बाबा म्हणाले.

आईने चुलीपुढून मान वर केली आणि हसली.

शाळा उघडली त्या सकाळी बाबांनी आढ्याची सायकल खाली काढली. रक्षा पुढे, सोनम मागे कॅरियरवर. नाल्याच्या अलीकडे, त्याच जागेवर, समोरून जिप्सीचा हॉर्न वाजला. सोनमच्या चांगल्या हाताने रक्षाच्या कमरेची ओढणी एवढी घट्ट आवळली, की तिला श्वास घेता येईना. रक्षाने दात आवळले आणि सायकल कडेच्या पट्टीवर उतरवली.

चाक पट्टीवरून सरसर गेलं. जिप्सी धुरळा उडवत निघून गेली. शाळेची घंटा ऐकू येईपर्यंत कमरेवरची पकड हळूहळू सैल होत गेली, आणि मागून सोनम म्हणाली, “जोरात चालव व, उशीर होऊन राह्यला.”