उघडलेली टाळू

एकदा भरलेली टाळू पुन्हा उघडता येते, हे आता मिरजेतले रिक्षावालेही सांगत. कावेरीला मात्र ते शस्त्रक्रियागृहाच्या दारात, डॉक्टर फरीदा तांबोळींच्या तोंडून ऐकावं लागलं. तिची चार वर्षांची ओवी गच्चीवरून पडली होती.

"डोक्यात साचलेलं रक्त काढलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण मेंदू सुजतोय. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात इडलीचं पीठ फुगावं, तसं झालंय."

"मग झाकण काढा की, बाई!"

"काढलंय. हाडाचा तुकडा बाजूला केलाय. तरी जागा पुरेना."

उरलं होतं एकच औषध, बाळरस. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात, म्हणून टाळू मऊ लागते. आणि आत मेंदू झपाट्यानं नवे धागे विणत असतो. बाळरस टोचला की कवटीचे सांधे सैल पडत, आणि चेचलेला मेंदू तान्ह्याच्या वेगानं स्वतःला सांधू लागे.

"मग टोचा. विचारताय काय?"

"एक सांग, कावेरी. तू पाळण्यात होतीस, ते आठवतं तुला?"

"ते कुणाला आठवतंय?"

"का आठवत नाही? रानात नवी नांगरट झाली की कालची पायवाट राहते का? तसंच. ओवी धावेल, बोलायला पुन्हा शिकेल. पण आजवरचं सगळं पुसलं जाईल."

कावेरी बंद दाराकडं पाहत राहिली.

"मला ओळखणार नाही, एवढंच ना? मी ओळखते की तिला. टोचा."

ओवी वाचली. वर्षभरानं ती तपासणीला आली, तेव्हा 'आई'पासून सगळं बोलायला नव्यानं शिकली होती. बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा धडधाकट मुलगा "घरी कधी जायचं गं?" म्हणून त्यांना भंडावत होता.

"याला कुठं लागलं?" कावेरीनं विचारलं.

"लागलं नाही हो." बाईंनी आवाज खाली आणला. "फार उलट बोलतो. शाळेनं हात टेकले. म्हटलं, पाटी कोरी करून नव्यानं वळण लावता येतंय का, डॉक्टरांना विचारावं. तुमच्या मुलीला बाळरस टोचलाय म्हणे. तिला मागचं खरंच काही आठवत नाही?"

कावेरीनं त्या मुलाकडं पाहिलं.

"सगळं आठवतं," ती म्हणाली. "मी रागानं मारलेली एकेक चापटसुद्धा."

बाईंचा चेहरा उतरला. त्या पिशवी उचलून उठू लागल्या. ओवीनं मान वर केली.

"आई, चापट म्हणजे काय?"

बाईंनी मुलाचा हात घट्ट धरला आणि त्या पुन्हा निवांत टेकून बसल्या.