कान्हूच्या मापाचा सदरा

बाजारातून आणायची वस्तू एकच होती. एक नवा सदरा.

दुसऱ्या दिवशी कान्हूचं पान मांडायचं होतं. त्यांच्या वाडीची रीत अशी, की गेलेल्या माणसासाठी जेवणाचं पान मांडायचं आणि शेजारी त्याच्या मापाचं नवं कापड ठेवायचं. कावळा पानाला शिवेपर्यंत ते कापड कुणी अंगाला लावायचं नाही; लावणाऱ्याला गेलेल्याची ओळख चिकटते म्हणतात. म्हणून मापासाठी आईने, म्हणजे बायाने, कान्हूचा जुना सदरा घडी करून धाकट्या लखनच्या हातात दिला होता.

तो सदरा लखन माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्येच विसरला. त्याला कारण झालं मागच्या बाकावरचं बोलणं.

"कड्याची वाट ज्याला तोंडपाठ, त्यो गडी पडतो कसा? उडीच टाकली आसंल कान्हूनं."

लखनने वळून बोलणाऱ्याची गचांडी धरली. चारजणांनी सोडवली. मग त्याने जीप थांबवायला लावली, खाली उतरला आणि लोणावळ्याच्या रस्त्याने तरातरा चालू लागला. जीप पुढे निघून गेली.

राग नवा नव्हता. वाडीतही तेच बोलत होते. वाडीची रीतभात सांगणाऱ्या श्रीपती आबांनी तर आईला शांतपणे सांगितलं होतं, "बाया, गडी पडला आसंल तर पान अंगनात मांडू. आपनहून जीव दिला आसंल तर शिवंवर. मागनं चालत आलंय, म्या काय करू?" शिवेवर ज्याचं पान मांडलं, त्याचं नाव पुन्हा घरात घेत नाहीत. तेव्हापासून आई लखनला एकच विचारायची. "माझं पोरगं अंगनात येनार का न्हाई रं?"  कान्हू गेला त्या संध्याकाळी लखन परंदवडीच्या कंपनीत खोकी भरत होता.

लोणावळ्याचा बाजार म्हणजे देशावरचा शेवटचा बाजार. पुढे जमीन तुटते आणि खाली कोकण लागतं. घाटाखालची माणसं कुरवंड्याच्या खिंडीतून वर येतात, करटुली, भारंगी अशा रानभाज्या आणि खेकडे विकतात आणि दिवस मावळायच्या आत उतरून जातात. त्या दिवशी दुपारीच धुकं बाजारात शिरलं होतं. माणसं एकदम समोर उगवत होती आणि दोन पावलांत विरून जात होती.

कापडवाल्याने विचारलं, "माप काय?"

"माझ्याएवढाच हाय... व्हता."

"मग घालून बघ ना भाऊ. नंतर बदलून मिळायचा नाही."

लखनने घातला. बांबूला टांगलेल्या आरशात पाहिलं. आरशात कान्हू उभा होता. तसेच उतरते खांदे, तीच मान. लखन बराच वेळ बघत राहिला. पैसे दिले. सदरा काही त्याने उतरवला नाही.

पुढच्याच वळणावर लोहाराने हाक मारली. "काय कान्हू! कोयत्याला मूठ बसवून ठिवलीय, न्हेनार का न्हाई? का लगीन जमलं म्हनून कोयता सोडला?"

सांगायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत ते नाव कुणी हसत घेतलं नव्हतं. घरी ते नाव निघालं की माणसं खाली बघायची.

"म्होरल्या बाजारी नेतो," लखन म्हणाला.

"आवाज बसलाय जनू?"

"व्हय. धुक्यानं."

मग चहावाल्यानेही कान्हू म्हणून कप पुढे केला, आणि लखनने तो घेतला.

सरुबाई भाजीच्या रांगेत शेवटी बसली होती. घाटाखालची म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. कान्हू दर बाजारी तिची पाटी खिंडीपर्यंत पोचवायचा, हे लखनने घरी ऐकलं होतं. तिला पाहिलं आज पहिल्यांदा.

"आलास का मुडद्या?" ती ओरडली. "मागचा बाजार पावसानं बुडाला, तर मला वाटलं ह्यो म्हातारीला इसरला. चल, उचल पाटी. आंधार पडंल."

म्हणजे खाली बातमी पोचलीच नव्हती. लखनने पाटी डोक्यावर घेतली. कुरवंड्यापर्यंत दोघं जीपने गेली, तिथून पायी. वाटेवर माणूस नव्हतं. भिजलेल्या कारवीच्या झुडपांचा वास येत होता आणि कुठेतरी खाली पाणी पडत होतं.

"त्या दिशी भाऊ घावला का रं तुला?" सरुबाईने चालता चालता विचारलं.

लखनचं पाऊल अडखळलं. "कंचा भाऊ?"

"आता तुला भाऊ तरी किती! त्या दिशी खिंडीत न्हाई का हाक आली... दादा म्हनून. तू म्हनलास, आमचा लख्या हाय, कंपनीतनं आला वाटतं. पाटी माझ्या डोईवर दिलीस आन् गेलास."

"कुनीकडं गेलतो?"

"कड्याच्या अंगानं. तिकडनंच हाक आली न्हवं? म्या म्हनलं, तिकडं वाट न्हाई रं. तू म्हनलास, म्हनूनच जातो. त्याला वाट ठाव न्हाई, चुकला आसंल."

 पहिल्यांदा लखनला मोकळंच वाटलं. कान्हूने उडी टाकली नव्हती. कुणाला तरी शोधायला गेला होता. पान अंगणात येणार होतं. आईला हे कधी सांगतो असं झालं.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. त्या वेळी लखनचा फोन कंपनीच्या कपाटात होता, आणि लखन खोक्यांना पट्ट्या मारत होता. त्याने कुणालाच हाक मारली नव्हती.

खिंडीत पोचली तेव्हा उजेड होता, पण दिसत काहीच नव्हतं. सगळं पांढरं. लखनने पाटी खाली ठेवली.

"हितंच..." सरुबाई म्हणाली आणि मध्येच थांबली. "कोन येतंय रं मागनं?"

मागून चपलांचा आवाज येत होता. उजवं पाऊल जरा घासत टाकायची सवय. लहानपणापासून ज्याच्या कुशीत झोपलं त्याची चाल ओळखायला डोळे लागत नाहीत. आवाज जवळ आला. विडीचा आणि चुलीच्या धुराचा वास आला. हाताच्या अंतरावरून कुणीतरी गेलं. सदऱ्याची बाही हलली... वारा नव्हता.

पावलं चांगली वाटेवरून चालली होती. खिंडीच्या कडेने सरळ पुढे, वाडीकडे. लखन गप्प राहिला असता तर ती तशीच गेली असती. घरी पोचली असती.

पण ती लांब चालली होती. धुक्यात विरत चालली होती. आणि लखनला तेवढंच कळत होतं, की तो चाललाय.

"दादा!"

हाक समोरच्या कड्यावर आपटली आणि कड्याच्या अंगाने परत आली. दादा... दादा...

पावलं थांबली.

"लख्या? तितंच थांब रं," कान्हूचा आवाज आला. रोजचा आवाज. जेवायला बोलावतानाचा. "आलो... हलू नको."

आणि पावलं वाट सोडून कड्याकडे वळली.

लखनने तोंड उघडलं. म्या हितं हाय, तिकडं न्हाई, हितं. ओठ हलले, घशातून काहीच बाहेर आलं नाही. तो धावला असता, पण सरुबाईने त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला होता. धुक्यात एक दगड सुटला. मग बारीक खडी बराच वेळ घरंगळत राहिली.

"हीच," सरुबाई पुटपुटली. "त्या दिशी हीच हाक व्हती..."

तिने त्याच्या तोंडावरून खरखरीत हात फिरवला. नाक, हनुवटी, कान चाचपले. काही विचारलं नाही. पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली, घाट न उतरता लखनचा हात धरून वाडीवर आली, आणि श्रीपती आबांच्या पुढ्यात बसली.

"पोरानं जीव न्हाई दिला. त्याला हाक आली, त्यो गेला."

"कुनाची हाक?"

"भावाची."

सगळे लखनकडे बघू लागले. लखनला बोलता येत नव्हतं.  आबा म्हणाले, "हाकंला गेला म्हन्जे पडलाच. पान अंगनात मांडा."

आईने सदरा हातात घेतला. गळ्याशी ओला होता. "अंगाला लावलास व्हय रं?" तिने विचारलं.  आणि सदरा घडी करून ठेवला.

सकाळी पान मांडलं. कावळा जणू वाट बघत होता, लगेच शिवला. आई अंगणात बसून मोठ्याने रडली, पोटभर. बायकांनी तिला रडू दिलं. सरुबाई उजेडातच घाट उतरून गेली. लोणावळ्याच्या डॉक्टरने लखनच्या घशात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाला, काही झालेलं नाही, धक्का आहे, येईल आवाज.

त्याच संध्याकाळी पुन्हा धुकं उतरलं. आईने दोघांची ताटं केली. लखन तिच्या समोर बसला, भाकरी मोडली. तेवढ्यात कड्याच्या बाजूने, लांबून, अगदी स्पष्ट आवाज आला.

"दादा..."

लखनचा आवाज. लखनच्या तोंडात भाकरीचा घास होता.

आईने मान वर केली. ऐकलं. मग पदराला हात पुसून ती उठली आणि दाराकडे निघाली. लखनने तिचं मनगट पकडलं. मान हलवली, जोरजोरात. घशातून नुसती हवा आली.

आई रागावली नाही. घाबरलीही नाही. लेकराची समजूत घालावी तशी तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"सोड, कान्हू," ती म्हणाली. "ल्हान हाय त्यो. आंधारात भितो."

लखनने दुसऱ्या हाताने तिला धरलं. बाहेर पुन्हा हाक आली. या वेळी ती कड्याकडून आली नाही. कुंपणापाशी, लखनच्याच आवाजात, अगदी हळू कुणीतरी म्हणालं, "आई..."