सतरा दिवसांची डाळ

"मटणाची नळी आहे, शैला! आपल्या पंचाहत्तरीच्या दिवशी नवऱ्याने स्वतः रांधून वाढलेली नळी आहे... एवढी तरी खा!"

धनाजीराव शिर्के हातात पळी घेऊन बायकोच्या ताटाशी उभे होते, आणि बडोद्याच्या फतेगंजमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात जेवायला बसलेली माणसं त्यांच्याकडे बघू लागली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या मुलीला, ईशानीला, पुरी वाढत असलेल्या सुनेचा, आभाचा, हात तिथेच थांबला. शैलाबाईंनी ताट अलगद मागे ओढलं. रस्सा टेबलावर सांडला, आणि अकरा वर्षं म्हातारा जो टोमण्यांपुरता दाबून धरत होता तो संताप एका क्षणात बाहेर पडला.

"अकरा वर्षं!" ते ओरडले. "अकरा वर्षं मी रविवारी एकटा जेवतोय! लग्नाच्या पहिल्या रविवारपासून मी रांधायचं आणि पहिली नळी हिच्या ताटात वाढायची, हा या घरचा रिवाज होता. ही पादरा गावची पोर घरात आली आणि माझी बायको माझ्या पंगतीतून उठवली हिने!"

"पप्पा, मी कधी..." आभाचा आवाज कापत होता.

"तू नाही? मग काय हिला स्वप्नात दृष्टान्त झाला?"

"बाबा, बस झालं!" कुशल, त्यांचा एकुलता एक मुलगा, खुर्ची सरकवून उठला. "अकरा वर्षं ऐकतोय मी हे टोमणे. आभा, बॅग भर. आजच पादऱ्याला तुझ्या माहेरी जाऊ, आणि मग वेगळंच घर बघू. पुरे झालं आता!"

आभाने सासऱ्यांकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू देत तिने सासूकडे पाहिलं. "मम्मी, तुम्ही तरी सांगा ना... मी तुम्हाला कधी एका शब्दाने बोलले? ठाकोरजींच्या सोगन, मी कधी म्हटलं का की खाऊ नका?"

शैलाबाईंच्या काळजात चर्र झालं. पोरीला देवाची शपथ घ्यावी लागत होती! जिचा काडीचा दोष नाही तिला! आणि जिचा दोष होता ती बाई मात्र ताटाच्या कडेवर बोट फिरवत, मान खाली घालून, अकरा वर्षं बसली होती तशीच आजही बसली होती. काय म्हणावं अशा बाईला?

भित्री म्हणावं, दुसरं काय! पण ती मुळात वाईट नव्हती हो.

तेरा वर्षांपूर्वी कुशलने पादऱ्याच्या वैष्णव घरातली मुलगी पसंत केली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद शैलाबाईंनाच झाला होता. दोन्ही घरं धास्तावलेली. शिर्क्यांचं घराणं जुन्या राजवटीतल्या पागेच्या कारभाऱ्यांचं, दसऱ्याला आणि धुळवडीला मटण नसेल तर सण झालासा वाटायचा नाही. तिकडे आभाच्या घरी कांदा-लसूणही वर्ज्य. बोलणी मोडायला आली होती. तेव्हा शैलाबाईंनी विहीणबाईंचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "आमचं वशाट मागच्या गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर शिजतं, भांडी वेगळी आहेत. तुमच्या मुलीच्या ताटाला ते कधी शिवणार नाही. माझा शब्द आहे." आणि त्या शब्दावर विहीणबाईंनी मुलगी दिली.

सुनेनेही कधी नाक मुरडलं नाही. तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी, असं ती हसत म्हणायची. शैलाबाई तिच्यासाठी आंबटगोड गुजराती डाळ करायला शिकल्या, आणि इतकी छान शिकल्या की आभा वाटी तोंडाला लावून प्यायची.

मग ईशानी झाली, आणि सगळं विस्कटलं. पोट फाडून बाळंतपण, अंगात रक्त नाही. लोहाच्या गोळ्या घेतल्या की उलटी. आभा पलंगावर चादरीसारखी पांढरी पडलेली. दूध येईना. बाळ रडून रडून निळं व्हायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर रक्त चढवावं लागेल. तुमच्यात सूप वगैरे चालत असेल तर बघा."

सूप! शैलाबाईंच्या माहेरी काय, सासरी काय, बाळंतिणीला पहिली पाजतात ती आळणी! हळद, आलं, मीठ घालून शिजवलेल्या मटणाचं ते पातळ पाणी. त्यांना स्वतःलाही सासूबाईंनी चाळीस दिवस पाजलं होतं. आभाच्या उशाशी बसून किती विनवण्या केल्या त्यांनी! "औषध समज ग... डोळे मीट आणि घोटभर घे... बाळासाठी घे."

आभाने कोरड्या ओठांनी एवढंच म्हटलं, "मरी जईश मम्मी, पण ए नहीं." मरून जाईन, पण ते नाही!

आणि दुसऱ्या दिवशी शैलाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "माझे गुडघे फार धरलेत, रोज थोडे पाये आणत चला." धनाजीराव बिचारे रोज सकाळी पिशवी घेऊन जायचे. गॅलरीतल्या शेगडीवर आळणी शिजायची, थंड करून वरची चरबी काढायची, मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळायची... आणि मग हिंग, आलं, गूळ, कोकम घालून आभाच्या डाळीत! पहिल्या दिवशी अर्धी वाटी ओट्यावर सांडली. तरी केलंच. एकदा आभा म्हणाली, "आज डाळ जुदी लागते, मम्मी." शैलाबाई म्हणाल्या, "मेथ्यांची फोडणी आहे, दूध येण्यासाठी." किती सहज जमलं ते खोटं!

सतरा दिवस. अठराव्या दिवशी आभा उठून स्वतः न्हाली. गालावर रंग आला, बाळाचं पोट भरू लागलं. तोवर गोळ्याही पोटात ठरू लागल्या होत्या. मग गोळ्यांनी गुण आला की आळणीने, देव जाणे... आणि तेच तर शैलाबाईंना पुढे अकरा वर्षं कुरतडत राहिलं. कदाचित काहीच गरज नव्हती! चार दिवस धीर धरला असता तर पोरगी आपोआप बरी झाली असती!

त्या दिवशी विहीणबाई भेटायला आल्या होत्या. आभाने सासूचा हात आपल्या हातात घेतला आणि आईला म्हणाली, "बा, मला दवाने नाही वाचवलं, मम्मींच्या डाळीने वाचवलं. बाहेर कुठे खायचं तर दहा वेळा विचारते, पण यांच्या हातचं मी कधी विचारत नाही." विहीणबाईंनी भरल्या डोळ्यांनी शैलाबाईंना मिठी मारली. त्या मिठीत शैलाबाईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं!

त्यानंतरच्या रविवारी धनाजीरावांनी नेहमीप्रमाणे नळी वाढली. शैलाबाईंनी घास तोंडाशी नेला आणि तसाच ताटात परत ठेवला. त्या उठल्या. "पित्त झालंय," म्हणाल्या. पुढच्या रविवारीही पित्त, त्याच्या पुढच्याही. एका निष्पाप जिवाला फसवून जे पाजलं ते आता मी या जन्मी तोंडात घालणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वाटलं, एवढं केलं की पाप फिटेल. पण झालं भलतंच! नवऱ्याने त्याचा अर्थ सुनेवर लावला, आणि शैलाबाईंचं प्रायश्चित्त आभाच्या माथी आलं. बोलावं तरी आभा गेली, न बोलावं तरी आभाला टोमणे. दरवेळी त्या स्वतःला समजवायच्या... आज नको, दिवाळीनंतर बघू.

"मम्मी?" आभाने पुन्हा विचारलं. "बोला ना काहीतरी..."

ज्या पंगतीत आळ आला त्याच पंगतीत तो उतरायला हवा, हे शैलाबाईंना एकाएकी लख्ख कळलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"अहो, तिला एक शब्द बोलू नका," त्या म्हणाल्या. "तिने माझं काही सोडवलं नाही. मी माझ्या पापापायी सोडलं. ईशानीच्या वेळी... आभा, तुझ्या डाळीत मी आळणी घालत होते ग."

कुणालाच क्षणभर काही कळलं नाही. मग धनाजीरावांच्या हातातली पळी खाली पडली. "म्हणजे ते पाये... मी रोज आणत होतो ते..."

"तिच्यासाठीच. माझे गुडघे धडधाकट होते."

आभा ओरडली नाही, रडायचीही थांबली. "किती दिवस?" तिने विचारलं.

"सतरा."

तिने हळूच ईशानीचा हात धरला आणि खोलीत गेली. अर्ध्या तासाने कुशल बॅग घेऊन निघाला तेव्हा ती त्याच्यामागून चालत होती. शेजारच्या दुकानात जाताना सुद्धा "जय श्रीकृष्ण, मम्मी" म्हटल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी ती पोर त्या दिवशी काही न बोलता जिना उतरली. शैलाबाई दारात उभ्या राहून पावलांचा आवाज ऐकत राहिल्या.

पुढचे पाच आठवडे त्या घरात दोन म्हातारी माणसं एकमेकांना चुकवत राहिली. धनाजीरावांनी गॅलरीतली शेगडी पेटवली नाही. कुशल पादऱ्याहूनच बडोद्याला नोकरीवर ये-जा करायचा, दोन-चार दिवसांनी फोन करायचा, "ठीक आहे सगळं" एवढंच सांगायचा. शैलाबाई रोज ठरवायच्या, आज पादऱ्याला जाते, तिच्या पायावर डोकं ठेवते. पण विहीणबाई दारातच समोर आल्या तर? ज्या बाईला शब्द दिला होता तिला तोंड कोणतं दाखवायचं? पाय उचलायचेच नाहीत.

एका सकाळी धनाजीराव न सांगता बाहेर पडले ते संध्याकाळी परतले. पंख्याखाली बसून घाम पुसत म्हणाले, "पादऱ्याला जाऊन आलो. एवढी वर्षं लेकराला नाही नाही ते बोललो, तिच्यापुढे हात जोडले." मग बायकोकडे न पाहता हळूच पुढे म्हणाले, "माझी माफी मागितली ग, शैला. तुझी तुलाच मागावी लागेल."

पण शैलाबाईंना जावं लागलं नाही. त्याच आठवड्यात एका दुपारी दारावरची घंटा वाजली. आभा शाळेतून परस्पर आली होती, मास्तरीण असल्याने खांद्याला वह्यांची पिशवी तशीच. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. शैलाबाई पाणी द्यायला वळल्या आणि मध्येच थबकल्या... देऊ की नको? पोरीने ते पाहिलं, उठून स्वतः माठातलं पाणी घेतलं.

"माझ्या बाला सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "तिला कळलं तर ती या घरचं पाणी पण नाही पिणार. सांगितलं की पप्पांशी झगडा झाला."

"आभा..." शैलाबाई खाली फरशीवरच बसल्या. "मला क्षमा कर ग! मी तुझा धर्म बुडवला..."

"धर्माचं मी बघेन, मम्मी. ठाकोरजींना सगळं माहीत आहे, मी त्यांना सांगितलं." तिने पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला. "मला राग त्याचा नाही. मी नाही म्हटलं होतं ना तुम्हाला? तोंडाने म्हटलं होतं. तरी तुम्ही... आणि मग अकरा वर्षं मी गावभर सांगत सुटले की माझ्या सासूच्या डाळीने मला वाचवलं! तुम्ही ऐकत राहिलात! मी मूर्ख होते का?"

शैलाबाईंनी तोंडावर पदर ओढला.

"आणि तुम्ही मटण सोडलं ते माझ्यासाठी? मी कुठे मागितलं होतं? आजपासून खा पाहिजे तर. माझ्या नावावर उपास नको."

"पहिल्यांदा तुझ्यासाठीच सोडलं," शैलाबाई म्हणाल्या. "वाटलं, पाप फिटेल. नाही फिटलं. पण आता ते माझ्या घशाखाली उतरत नाही, पोरी. तू सांगितलंस तरी नाही. तुझ्या नावावर नको लावू, माझ्याच नावावर राहू दे."

आभाने वह्यांच्या पिशवीतून काहीतरी काढून मुठीत धरलं. मग तिने विचारलं, "एक खरं सांगा. मी तशीच पलंगावर पडलेय, बाळ रडतंय, डॉक्टर तेच सांगतायत... तर पुन्हा कराल?"

एक 'नाही' म्हटलं की झालं होतं! सून घरात, नातही घरात. शब्द ओठावर आला सुद्धा. अकरा वर्षं खोटं सांभाळलेल्या बाईला आणखी एक खोटं काय जड होतं? पण तो पांढराफटक चेहरा डोळ्यांपुढे आला आणि शब्द तिथेच विरला.

"माहीत नाही ग..." त्या कशाबशा म्हणाल्या. "तुझी शपथ, खरंच माहीत नाही. रोज पस्तावलेय मी. पण तू पुन्हा तशी समोर दिसलीस तर हे हात काय करतील, ते मला नाही सांगता येत."

आभाने डोळे मिटले. मग मुठीत धरलेली घराची चावी काढून तिने वह्यांच्या पिशवीत परत टाकली.

"तुम्ही 'नाही' म्हणाला असतात ना," ती म्हणाली, "तर ही चावी देऊन जाणार होते. संध्याकाळी कुशल आणि ईशानीला घेऊन येते. पण मम्मी, तुमच्या हातचं आता मी नाही खाणार. माझं मीच करेन. कधी खाईन..." तिचा आवाज फाटला, "मला पण माहीत नाही."

"नको खाऊस," शैलाबाई म्हणाल्या. "तू ये फक्त."

त्या संध्याकाळी आभाने पाच माणसांचा स्वयंपाक एकटीने केला. शैलाबाई उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच स्वयंपाकघरात कशालाही हात न लावता स्टुलावर बसून राहिल्या आणि रडत राहिल्या, आणि आभाने त्यांना रडू दिलं.