सत्तावन्न किलो

"ह्यो चिमटा इंचू धरायचा हाय का?"

दारातून आवाज आला आणि माझ्या हातातली वही पडली.

१९८६ सालचा मार्च. मी परभणीच्या कॉलेजात एम. एस्सी.ला होते, पैलवानांच्या अंगातली चरबी मोजणं हा माझा विषय. ऑफिस शोधत तो चुकून आमच्या खोलीत शिरला होता. उद्धव, राणीसावरगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, सत्तावन्न किलो गटातला पैलवान.

"चरबी मोजायचा आहे," मी म्हणाले. "कातडीची घडी चिमटीत धरायची आणि जाडी वाचायची."

"माझ्याकडं चरबीच न्हाई मॅडम. बघा की…"

आणि त्यानं बाही वर सारली.

मग दर सोमवारी तो येऊ लागला. दंडामागे, दंडापुढे, पाठीवर, कमरेशी, अशा चार जागा. माझे गाईड आणि कॉलेजचा कुस्ती संघ निवडणारे सर चिमटा लावायचे, मी आकडे लिहायची. एका सोमवारी सर औरंगाबादला गेले आणि चिमटा माझ्याच हाती आला.

"तुमचा हात थरथरायलाय."

"स्प्रिंग कडक आहे."

"हां… स्प्रिंगच आसंल."

आकडा मी तीनदा वाचला, तरी चुकीचाच लिहिला.

एप्रिलात तो म्हणाला, "राज्याला मेडल आलं की पोलिसात घेत्यात. मग येतो तुमच्या वडलांकडं. मास्तर हायती, नोकरीवालाच जावई बघतील… येऊ ना?"

मी वहीत पाहत राहिले. मान मात्र आपोआप होकारात हलली.

पण त्याचं वजन साठाच्या खाली उतरत नव्हतं. आणि मग एकाच आठवड्यात तीन किलो उतरलं! त्या दिवशीही सर बाहेर होते. मी चिमटा लावला. चारही घड्या मागच्या सोमवारइतक्याच. चरबी होती तिथेच होती. उतरलं होतं ते अंगातलं पाणी. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले.

"पाणी कधी प्यायलात?"

"परवा… भर उन्हात स्वेटर घालून पळायलोय. सरांना कळलं तर काढत्याल मला. तुमी घड्या जरा कमी लिवा की. चरबीच उतरली म्हणा. राज्याच्या कुस्त्यांना पाच दिवसांचा तर सवाल हाय."

मी त्याला धीर वाटावा म्हणून नुसती हसले. तोही हसला आणि गेला.

दुपारी सर आले. मी खरे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. संध्याकाळपर्यंत उद्धवचं नाव यादीतून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बसस्टँडवर सापडला, गंगाखेडच्या गाडीपाशी, काखेत वळकटी.

"काही झालं असतं तर तुम्हाला?" मी म्हणाले.

"कायबी झालं नसतं. लय जण करत्यात."

"मला नसतं सोसलं… उद्धव, नोकरी नसली तरी चालेल. मला तुम्ही हवे आहात." आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणाला म्हणत होते.

डोळे भरून आले त्याचे.

"हे काल बोलायचं हुतं. 'न्हाई लिहीत' म्हणायचं हुतं तोंडावर. भांडलो असतो मी, रडलो असतो… पण तुमच्या हातनं पाणी पिलो असतो. तुमी हसल्या, पद्मजा. मी भरवसा ठिवून गेलो."

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली होती.

गाडी सुटली. मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

तीन वर्षांनी पोखर्णीला नृसिंहाच्या देवळात तो दिसला. अंगानं भरलेला, कडेवर मुलगी. बायकोला म्हणाला, "ह्या कॉलेजातल्या मॅडम." तिनं मला वाकून नमस्कार केला. मुलीनं माझ्या बांगड्या धरल्या. त्यानं तिची बोटं एकेक करून हळूच सोडवली, माझ्याकडे न बघता. मग तिघं दर्शनाच्या रांगेत शिरली.

तो धडधाकट होता. मला तेच तर हवं होतं… आणि तरी मी दर्शन न घेताच माघारी फिरले.