होडीचा वाटा

तांडेलने बातमी सांगितली तेव्हा दिगंबर खो खो हसला आणि त्याची बायको सुगंधा कपाळाला हात लावून जेटीच्या पायरीवर बसली. बातमी एकच. घर एकच, चूलही एकच. मग एकाला हसू आणि दुसरीला रडू का?

हे कोडं त्यांच्या मुलीला, हेमांगीला पडलं. ती सातवीत होती. पाठीवर दप्तर घेऊन दोघांच्या मधोमध उभी राहून एकदा बाबाकडे आणि एकदा आईकडे पाहत होती.

आमची कांदळवाडी खाडीच्या अलीकडे आहे. इकडे काजूच्या बागा, पलीकडे शाळा, बाजार आणि दवाखाना. मध्ये पूल होणार असं मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ऐकते आहे. आता माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, पण पूल अजून होणारच आहे. तोवर होडी. पूर्वी ती माणसं वल्हवत, मग डिझेलवर चालू लागली आणि आता ती एक यंत्रमानव चालवतो. कारखान्याने त्याला एक लांबलचक क्रमांक दिला होता, पण आमच्याकडे होडीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात, म्हणून तोही तांडेल झाला. रोज सकाळी पहिल्या फेरीला तो भरती-ओहोटीच्या वेळा सांगतो, वारा सांगतो आणि इंधनाचे भाव सांगतो, कारण होडीचं तिकीट त्यावर ठरतं.

त्या दिवशी तो म्हणाला, "दूरच्या समुद्रातली एक सामुद्रधुनी (दोन जमिनींमधली पाण्याची चिंचोळी वाट) जहाजांसाठी बंद झाली आहे. खनिज तेल महागलं आहे. आपल्या सोसायटीचं बोंडूचं इंधनही आजपासून महाग. कृपया बसून घ्या."

"सुगंधा, ऐकलंस? औंदा बोंडूला सोन्याचा भाव!" दिगंबर म्हणाला. त्याची काजूची बाग होती.

"आणि तिकिटाला? माशांची पाटी डोक्यावर घेऊन मी पलीकडे पोहत जाऊ?" सुगंधा म्हणाली. ती रोज पलीकडच्या बाजारात मासे विकायची.

हेमांगी माझ्याजवळ येऊन बसली. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे गावातली मुलं अडलं की माझ्याकडे येतात. मला सगळे माई म्हणतात.

"माई, आपलं इंधन त्या समुद्रातून कुठे येतं? ते तर आमच्या बागेत झाडाखाली पडतं. मग वाट तिकडे बंद झाली तर भाव इकडे का वाढतो?"

प्रश्न बरोबर होता. काजूच्या बीला जोडून जे लाल-पिवळं फळ असतं ते बोंडू. माझ्या लहानपणी बी तेवढी काढून घ्यायचे आणि बोंडू टाकून द्यायचे. हंगामात अख्ख्या डोंगराला कुजकट गोड वास यायचा. आम्ही मुलं रस चोखायचो, फ्रॉकवर डाग पाडायचो आणि तो डाग जात नाही म्हणून मार खायचो. आता सोसायटी तेच बोंडू गोळा करते. त्यांच्या रसात यीस्ट (डोळ्यांना न दिसणारे जीव) घातलं की ते रसातली साखर खातात आणि मद्यार्क तयार करतात. याला म्हणतात किण्वन. मग तो रस तापवायचा. मद्यार्काची वाफ पाण्याच्या आधी होते. ती वेगळी काढून थंड केली की मिळतं इथेनॉल (गाडीच्या इंजिनात जळू शकणारा मद्यार्क). आमची होडी त्यावरच चालते.

मी हेमांगीला उलट विचारलं, "पापलेट महागलं की तुझ्या आईच्या पाटीतल्या बांगड्याचं काय होतं?"

"तोही महागतो."

"का? बांगड्याने काय केलं?"

"त्याने काहीच नाही केलं. पण ज्यांना पापलेट परवडत नाही ती माणसं बांगड्याकडे वळतात. बांगडे तेवढेच आणि मागणारे जास्त. मग आई भाव चढा सांगते."

"सांगणारच!" सुगंधा मागून म्हणाली.

हेमांगी ओरडलीच, "म्हणजे पेट्रोल पापलेट आणि आपलं बोंडू बांगडा!"

"अगदी. एकीऐवजी दुसरी वापरता येते ती पर्यायी वस्तू. एकीचा भाव चढला की तो दुसरीलाही हात धरून वर नेतो, मग ती दुसरी कुठेही पिकत असो. आता बाबा का हसला?"

"तो बोंडू विकतो. आणि आई तिकीट काढते. म्हणून ती रडली."

कोडं सुटलं, पण त्याने होडी चालणार नव्हती. दुपारीच कळलं की शहरातल्या एका कंपनीचा माणूस सोसायटीकडे येऊन गेला. हंगामातलं सगळं इंधन चढ्या भावाने उचलायची त्याची तयारी होती. सोसायटीचे चेअरमन बापू रेडकर यांनी मोठ्या टाकीला कुलूप घातलं. रविवारच्या सभेत होकार झाला की सोमवारपासून होडी बंद, भाव उतरेपर्यंत. संध्याकाळी दिगंबरने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. हेमांगीला कुडाळला मामाकडे ठेवायचं ठरलं.

"मामाकडे खाडी नाही," एवढंच ती म्हणाली. पेटीत तिने कपडे भरले आणि वर कालवांचे चार शिंपले ठेवले.

इकडे गावात दुसरीच धावपळ चालू होती. भाव आणखी चढेल म्हणून जो तो डबे, कॅन, कळशा घेऊन सोसायटीच्या पंपावर आला, कारण तिथल्या छोट्या टाकीतलं अजून मिळत होतं. मला रॉकेलच्या रांगा आठवल्या. तेव्हा आम्ही रांगेत आपल्या नावाचा दगड ठेवून घरी जायचो आणि दगडाची पाळी आली की धावत यायचो. एकदा एका दगडावरून दोन काकू भांडल्या होत्या, आणि दगड होता तिसरीचाच! तेव्हा जे झालं तेच आताही झालं. टंचाई येईल या भीतीने सगळ्यांनी साठवलं आणि त्या साठवणुकीनेच टंचाई आली. शुक्रवारी पंप कोरडा पडला.

शनिवारी होडीतही इंधन नव्हतं. मुलांचा वार्षिक परीक्षेचा पेपर होता. दिगंबर पुढे झाला. "माझ्या परसात पिंपभर आहे. घ्या. माझ्या लेकीची परीक्षा आणि माझ्याच घरात इंधन पडून राहिलं, असं नको."

होडी भरली, निघाली आणि खाडीच्या मधोमध इंजीन खोकलं. पुन्हा खोकलं. मग गप्प झालं.

"इंधनात पाणी आहे," तांडेल म्हणाला.

"काय दिगू, दूधवाल्याकडे शिकायला होतास वाटतं?" एक मासेवाली म्हणाली आणि होडीभर हशा पिकला.

"देवाशपथ, मी पाणी घातलं नाही!" दिगंबर लाल झाला. "पिंपाच्या तळाला पावसाळ्यातलं वीतभर होतं, तेवढंच. पण ते तळालाच राहतं ना! आमचे आबा रॉकेल असंच ठेवायचे. पाणी खाली, रॉकेल वर. आपण वरचं काढून घ्यायचं."

"आणि आता लेकीच्या पेपरचं काय?" सुगंधा म्हणाली. पण बोलता बोलता तिने पदर खोचला होता. नियमाप्रमाणे होडीत वल्ही असतात. त्यातलं एक तिने उचललं, दुसरं त्या मासेवालीने. भरतीचं पाणी आत येत होतं, त्याने हात दिला. तांडेल सुकाणू धरून "डावीकडे, उजवीकडे" सांगत होता. "तू नुसतं बोल रे बाबा, घाम आमचा गळू दे," असं ऐकून तो म्हणाला, "मला घामाची सोय दिलेली नाही." मुलं पेपरला पोचली, धापा टाकत, पण पोचली.

पेपर संपल्यावर सगळे वल्हवतच परत आलो तेव्हा मी जेटीवरच चार पेले मागवले. दोन पेल्यांत पाणी आणि खोबरेल ओतलं. तेल वर तरंगत राहिलं. दुसऱ्या दोन पेल्यांत पाणी आणि जखम पुसायचं स्पिरिट ओतलं. कोण वर, कोण खाली, काही कळेना.

"दिगू, रॉकेल हे या तेलासारखं. त्याची पाण्याशी मैत्री होत नाही. मद्यार्काची होते. तू वरून काढलंस काय आणि खालून काढलंस काय, पाणी सगळीकडे मिसळलेलं होतं. इतकंच नाही, पिंपाचं तोंड उघडं असेल तर मद्यार्क आमच्या कोकणच्या दमट हवेतली वाफही ओढून घेतो. इंजिनातली आग मग ते पाणी उकळण्यात दमून जाते, ढकलायला तिच्यात जोर उरत नाही."

"म्हणजे आबा चुकले?" तो हळूच म्हणाला.

"आबा रॉकेलच्या बाबतीत बरोबर होते. इंधन बदललं की सवयीही बदलाव्या लागतात. त्याला वेळ लागतो. मलाही लागला."

त्याने पेले धुऊन परत आणले. हेमांगी मात्र वल्ह्यांकडे पाहत बसली होती.

रविवारी देवळाच्या सभामंडपात सभा भरली. बापू रेडकर काही वाईट माणूस नव्हे. त्यांची नातही त्याच होडीने शाळेला जायची. ते म्हणाले, "भाव आहे तेव्हा विकायचं, हाच धंदा. उद्या वाट उघडली की भाव पडेल. मग बोंडू पुन्हा कुजत बसेल."

"सगळं विकलं तर मासे पलीकडे कसे जाणार?" सुगंधाने विचारलं.

"तर मग विकूच नका, गावातच स्वस्त वाटा," कुणीतरी म्हटलं.

"आणि आम्ही उन्हात बोंडू वेचायचे फुकट?" दिगंबर उठला. दोन्ही बाजू बोलू लागल्या आणि कुणाचंच कुणाला ऐकू येईना.

तेव्हा हेमांगी उभी राहिली. "बापू आजोबा, रापण ओढली की वाटे कसे करतात?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून साऱ्या गावाने मिळून ओढायचं भलं मोठं जाळं. बापूंच्या घराण्याची रापण होती. ते हसले. "हे काय विचारणं झालं गो? दोर ओढला त्या प्रत्येकाला वाटा."

"पण सगळ्यात आधी?"

"आधी जाळ्याचा आणि होडीचा वाटा बाजूला. ती नसतील तर मासे येणार कुठून?"

"मग इंधनातून आपण होडीचा वाटा का काढला नाही? बोंडूची बी होडीनेच बाजाराला जाते. आईचे मासेही. आम्हीही. होडीपण दोर ओढतेच ना? तिचा वाटा आधी काढा, आणि उरलेलं विका चढ्या भावाला. बाबा हसू दे आणि आईपण."

तांडेलही सभेला आला होता. बापूंनी तांडेलला विचारलं, "होडीला वर्षभर किती लागतं रे?"

"हंगामातल्या इंधनाचा लहानसा भाग. दहातला एकसुद्धा नाही."

"एवढंच?" बापू स्वतःशीच म्हणाले. "आणि त्यापायी मी पोरांची होडी बंद करत होतो."

होडीचा वाटा आधी, हे सगळ्यांनी मान्य केलं आणि चर्चा पुढे सरकली. चढ्या भावाची जी जास्तीची कमाई होईल तिच्यातून जेटीच्या छपरावर सौरपट्ट्या (उन्हापासून वीज करणाऱ्या पाट्या) बसवायच्या आणि होडीत बॅटऱ्या ठेवायच्या, असं ठरलं. पावसाळ्यात ढग असले की बोंडू, उन्हाळ्यात ऊन. दोन वाटा असल्या की एक बंद पडली तरी माणूस अडत नाही. एक उत्साही तरुण म्हणाला, "मग भातशेतीतही काजूच लावू!" सुगंधा तिथूनच म्हणाली, "आणि जेवायला काय, इंजीन शिजवू?" तो खाली बसला. इंधनासाठी अन्नाची जमीन जाऊ नये, हे मी वर्गात तासभर शिकवत असे. तिने ते एका वाक्यात सांगितलं.

सौरपट्ट्या यायला दिवाळी उजाडली. आता बहुतेक दिवशी होडी आवाज न करता जाते, इतकी की पाणकावळे उडायचंही विसरतात. मध्यंतरी ती दूरची वाट उघडून पुन्हा बंद झाली. तांडेलने भाव सांगितला. दिगंबर हसला, सुगंधाने नुसती पाटी डोक्यावर घेतली, आणि डबे घेऊन कुणी धावलं नाही.

हेमांगीने विचारलं, "माई, उन्हाचा भाव कोण ठरवतं?"

"उन्हाला भाव नाही. पट्ट्यांना आहे, बॅटऱ्यांना आहे, आणि त्या झिजतात. अजून स्वस्त, अजून टिकाऊ बॅटरी कुणीतरी शोधायला हवी."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

ती पाण्याकडे पाहत विचारात पडली होती आणि तो विचार मला मोडायचा नव्हता.

तिची पत्र्याची पेटी कुडाळला गेलीच नाही. आता ती होडीतच असते. तिच्यात मुलांची तरंगजाकिटं ठेवतात, आणि माझे गुडघे दुखतात म्हणून तिच्यावर मला बसवतात. आत कुठेतरी ते चार शिंपले अजून आहेत. होडी वळली की वाजतात.