प्रॉम्प्टरची प्रश्नमंजुषा

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या मांडीवर ससा होता आणि माझ्या प्लास्टरमध्ये विणकामाची सुई.

रविवारची दुपार होती. मी पलंगावर, डावा पाय उशांच्या ढिगावर, समोर लॅपटॉप. पडद्यावर टाचणी दिसायला हवी होती. टाचणी म्हणजे आमच्या नाटकाचे कपडे सांभाळणारी माझी मैत्रीण, अंगानं बारीक आणि जिभेनं टोकदार. तिच्या जागी एक अनोळखी माणूस बसला होता.

"टाचणी कुठंय?" मी विचारलं.

"दारात कुणीतरी आलंय, तिकडे गेलीय. मी तिचा मावसभाऊ. मला म्हणाली, माझ्या जागी बस आणि तोंड उघडू नकोस." तो जरा घुटमळला. "पण... ती सुई आधी बाहेर काढा."

"काय?"

"प्लास्टरच्या आत खाजवू नये. जखम झाली तर कळायचंही नाही. माझे पेशंट असं करायला लागले की मी त्यांच्या गळ्यात प्लास्टिकचा शंकू अडकवतो."

"कसले डॉक्टर आहात हो तुम्ही?"

"जनावरांचा."

कॉलवरचे बाकीचे दोघे मित्र खो-खो हसत सुटले. मी नाक फुगवून सुई काढली. खरं सांगू? राग-बिग काही आला नव्हता. तो बोलताना सशाच्या पाठीवरून इतका हळू हात फिरवत होता की... जाऊ दे. ससा डोळे मिटून पडला होता, तिथं माझी काय कथा!

मी नाटकातली प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहायचं, हातात संहिता धरायची आणि नट वाक्य विसरला की पहिलं अक्षर हळूच त्याच्या कानापर्यंत पोचवायचं. पहिल्या रांगेला ऐकू गेलं, तर माझं काम बिघडलं. एका प्रयोगात दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात माझी पायरी चुकली आणि पाय मोडला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे कैदच. म्हणून मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मित्रमंडळींसाठी प्रश्नमंजुषा सुरू केली. खेळायला टाचणी, आमची नायिका बुलबुल, आणि आजोबा. आजोबा खरं तर माझ्याच वयाचा, पण त्याला कायम म्हाताऱ्याच्या भूमिका मिळतात.

खेळ झकास होता, पण एक घोळ होता. मला शांतता सोसत नाही! कुणी गप्प झालं की माझा घसा आपोआप शिवशिवतो.

"सूर्याला सगळ्यात जवळचा ग्रह कोणता?" मी विचारायची. सगळे गप्प. आणि मीच पुढे वाकून कुजबुजायची, "बु..."

"बुध!" सगळे एका सुरात.

सगळ्यांना पैकीच्या पैकी. कुणीच हरेना, म्हणून कुणीच जिंकेना. आजोबा म्हणाला, "शाळेत अशी बाई मिळाली असती, तर मी नाटकात कशाला आलो असतो!"

पुढच्या रविवारी डॉक्टर पुन्हा हजर. दारात कुणी आलं नव्हतं, तरीही. मग तो येतच राहिला, आणि खेळात सगळ्यांहून ढ निघाला. प्रत्येक प्रश्नाला छताकडे बघायचा, हनुवटी चोळायचा, गप्प बसायचा. माझी जीभ वळवळायची.

"जिराफाच्या मानेत मणके किती?" एकदा मी मुद्दाम त्याच्यासाठीच विचारलं.

छत. हनुवटी. शांतता.

"सा..." मी कुजबुजले.

"सात," तो शांतपणे म्हणाला.

"अहो, हे तरी यायला हवं होतं तुम्हाला!"

"आलं की. तुम्ही सांगितल्यावर."

"दादा, डिग्री खरी आहे ना रे तुझी?" टाचणीनं मागून विचारलं.

मग रोज त्याचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. "पायाची बोटं हलवून दाखवा बरं."

"त्यासाठी मला हाडांचे डॉक्टर आहेत."

"ते रोज विचारतात का?"

नाही विचारत... मी बोटं हलवून दाखवायची. फोन ठेवल्यावरही बराच वेळ ती हलवत बसायची. आई बघायची आणि काही न बोलता निघून जायची. तिचं ते न बोलणं फार बोलकं असतं.

आणि एके दिवशी टाचणीनं बातमी दिली. इथल्या दवाखान्यात तो कुणाच्या तरी रजेपुरता आला होता, म्हणून तिच्याकडे राहत होता. आता त्याला लांबच्या डोंगरातल्या गावात कायमची नोकरी लागली होती. सोमवारी निघणार. माझी पायाची बोटं हलायची थांबली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आधी एकजण होता, नटच. "तू मला..." म्हणून तो अडला आणि मी सवयीनं म्हटलं, "आव..." त्यानं वाक्य पुरं केलं. मी वेडी, हवेत. पुढे सगळं फिसकटलं तेव्हा तो म्हणाला, "ते वाक्य तुझं होतं. मी फक्त म्हटलं." तेव्हापासून मी ठरवलंय, ते एक वाक्य कुणालाही द्यायचं नाही. डॉक्टर आपलं आपण बोलला तर बोलला, नाहीतर जाऊ दे त्याला डोंगरात.

तो शेवटचा रविवार उजाडला. कसेबसे प्रश्न संपवले. तेवढ्यात बुलबुल म्हणाली, "माझी रेंज जातेय गं." आजोबा म्हणाला, "दूध उतू जातंय." त्याच्याकडे शेगडीसुद्धा नाही! दोघांच्या चौकटी काळ्या झाल्या. टाचणी दार वाजल्याचं सांगून उठली. कुणीही दार वाजवलं नव्हतं.

"उद्या निघतोय," डॉक्टर म्हणाला.

"कळलं."

"तिकडे गाई खूप आहेत."

"छान."

"मला तुम्हाला... म्हणजे, तुम्ही मला..."

आणि तो थांबला.

माझ्या घशात ते अक्षर येऊन बसलं. मी तोंडावर हात धरला. त्यानं छताकडे बघितलं, हनुवटी चोळली, मग थेट माझ्याकडे बघितलं.

"सांगा ना. पहिलं अक्षर."

"नाही."

"एकच."

"जिराफाचे मणके तुम्हाला खरंच येत नव्हते?"

त्याचे कान लाल झाले. "पहिल्याच वर्षी शिकवतात. पण मी गप्प बसलो की तुम्ही पुढे वाकायचात... केस गालावर यायचे... आणि इतकं हळू बोलायचात. माझ्याशी असं हळू कुणी बोलत नाही. आमच्या दवाखान्यात माणसंसुद्धा भुंकतात."

हसावं की रडावं तेच कळेना.

"ह्या वाक्याची संहिता माझ्याकडे नाही," मी म्हटलं. "एकदा मी ते कुणालातरी दिलं होतं. त्याचं झालंच नाही ते कधी. तुमचं असेल तर तुम्हीच म्हणा. नसेल तर... नीट जा."

खिडकीत कबुतर घुमत होतं. खाली कुणीतरी बंद पडलेल्या स्कूटरला किक मारत होतं. इतकी लांब शांतता मी आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

"मला बोलता येत नाही," शेवटी तो म्हणाला. "म्हणून तर जनावरांचा डॉक्टर झालो. ती काही विचारत नाहीत. पण हल्ली सोमवार आला की मला रविवारचीच ओढ लागते. काल एका म्हशीला सगळं सांगून बघितलं, सराव म्हणून. तिनं तोंड फिरवलं." तो पुढे वाकला. "तू आवडतेस मला. खूप. हे माझं आहे, कुणी दिलेलं नाही. नोकरी आहे, जावं तर लागेलच. पण तू हो म्हणालीस तर दर रविवारी येईन. पडद्यावर नाही, खरा. आता तू बोल."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्याला कळलंही नसावं. मला मात्र कळलं.

मी तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना! अख्खी नाटकं पाठ असलेली मी, माझ्या स्वतःच्या वाक्याला अडले. स्वयंपाकघराच्या दारात आई केव्हापासून एकच ताट पुसत उभी होती. तिथून कुजबूज आली, "हो... अगं, हो..."

"आई, प्रॉम्प्ट करू नकोस!"

आणि मग मी म्हटलं. कुजबुजत नाही, चांगलं घसा मोकळा करून. "मलाही तू आवडतोस!" कबुतर फडफडत उडालं. खालची किक थांबली.

काळ्या चौकटीतून आजोबाचा आवाज आला, "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं गं!" आणि बुलबुल, जिला रंगमंचावर रडायला ग्लिसरीन लागतं, ती चक्क हुंदके देत होती.

डॉक्टर मात्र चौकटीत नव्हता. रिकामी खुर्ची दिसत होती आणि टाचणीचं ओरडणं ऐकू येत होतं, "अरे दादा, ती माझी चप्पल आहे! आणि तिसरा मजला आहे हं, लिफ्ट नाही!"

"आई, कंगवा," मी म्हटलं.

आई तो घेऊनच उभी होती.